तकसीरपुढचा रिकामा रकाना

तर्जुमाबाईंची खोली कोर्टाच्या मागच्या इमारतीत, जिन्याच्या खाली होती. वरून दिवसभर पक्षकार चढत-उतरत आणि प्रत्येक जड पावलागणिक छताची पांढरी पूड बाईंच्या टेबलावर पडे. या पुडीबद्दल बाईंनी तेहतीस वर्षांच्या नोकरीत दोन अर्ज केले होते. पहिल्याला उत्तर आलं की जिना सार्वजनिक वापरातला असल्यामुळे बंद करता येणार नाही. जिना बंद करा असं बाईंनी म्हटलंच नव्हतं. दुसऱ्या अर्जाचं उत्तर अजून यायचं होतं, आणि सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ते का आलं नाही हे सांगायला नको.

बाईंचं काम जुन्या कागदांचं. दीड-दोनशे वर्षांपूर्वीचे करार, सनदा, हुकूम, निवाडे, सगळे त्या काळच्या दरबारी भाषेत लिहिलेले. माणसं मेली, भाषाही जवळजवळ मेली, पण विहिरी, रस्ते, बांध आणि भिंती तशाच राहिल्या, आणि त्यांच्यावरून भांडणारे तर रोज नवे जन्माला येत. मग तो जुना कागद बाईंकडे येई आणि बाई त्याचा आजच्या भाषेत तर्जुमा करून खाली सही-शिक्का मारत. बाईंचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे उरलं नव्हतं. शिपायापासून जज्जसाहेबांपर्यंत सगळ्यांना त्या तर्जुमाबाईच होत्या.

निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि बाई थकल्या होत्या. हे थकणं झोपून जाण्यातलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. बस आगारात टाइमकीपर म्हणून ज्या माणसाने जन्मभर गाड्यांच्या वेळा लिहिल्या, त्याचा उजवा हात गेला आणि बोलण्यातले दोनच शब्द शिल्लक राहिले, ‘हो’ आणि ‘कधी’. सकाळी बाई त्यांचं अंग पुसत, कपडे बदलत, पेज भरवत, कुशीला दोन उशा लावत आणि मग स्वतःच्या पायात चपला सरकवत. तेव्हा पलंगावरून रोज एकच प्रश्न यायचा.

“कधी?”

“सहाला येते. अकराला आणि तीनला शेजारच्या वहिनी डोकावतील.”

“हो,” ते म्हणायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करायचे.

नोकरी सोडून घरी बस, असं धाकट्या बहिणीने कितीदा सांगितलं. ‘एवढी प्रकरणं हातावेगळी होऊ देत,’ असं बाई दोन वर्षं म्हणत होत्या. खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. जिन्याखालच्या त्या पांढऱ्या पुडीत त्यांना श्वास घेता येई, घरात येत नसे. हे कुणाला सांगणार? माणसाला स्वतःशीसुद्धा सांगताना खाली बघावं लागतं, अशातली ही गोष्ट.

बाईंच्या नावावर आयुष्यात एक मोठी गोष्ट जमा होती, ती म्हणजे यादी. तीस वर्षांपूर्वी, नोकरीला लागून तीन वर्षं झालेली असताना, त्यांनी चारशे बारा जुन्या शब्दांची एक यादी टाइप केली होती. डावीकडे जुना शब्द, उजवीकडे आजचा. त्याआधी प्रत्येक भाषांतरकार आपापल्या मताने अर्थ लावी, आणि एकाच शब्दाचे एका कोर्टात दोन अर्थ होऊन वकिलांची चैन चाले. यादी आली आणि तंटाच मिटला. तिच्या नकला निघाल्या, नकलांच्या नकला निघाल्या, आसपासच्या सगळ्या कचेऱ्यांतून ती टेबलाच्या काचेखाली जाऊन बसली. खालची अक्षरं आता पुसट झाली होती, पण तिला अजून ‘बाईंची यादी’च म्हणत. कुणी नवा कारकून अर्थ विचारायला आला की बाई मान वर न करता म्हणत, “यादीत बघ.” तेवढं एक वाक्य म्हणताना मात्र त्यांचा थकवा दिसत नसे.

तर अशा या बाईंच्या टेबलावर एके दिवशी कोर्टाचं पत्र आलं. पाणीसंस्थेच्या सनदेतल्या सातव्या कलमातील ‘तकसीर’ या शब्दाचा अर्थ काय, याबद्दल लेखी अभिप्राय द्यावा आणि पुढच्या तारखेला साक्षीस हजर राहावं.

पाणीसंस्था म्हणजे शहराला पाणी पुरवणारी जुनी संस्था. तिची सनद बाईंनीच वीस वर्षांपूर्वी आजच्या भाषेत आणली होती. सातवं कलम एका ओळीचं होतं: चाकर तकसीर करील त्यास चाकरीवरून दूर करून राहते घर सोडवून घ्यावे. बाईंच्या तर्जुम्यात ते ‘जो कर्मचारी गुन्हा करील’ असं झालं होतं. यादीत तकसीरपुढे गुन्हा होतं, म्हणून. बाईंनी कोऱ्या कागदावर ‘तकसीर म्हणजे गुन्हा’ एवढं लिहिलं, सही केली आणि कागद पाठवणीच्या फायलीत टाकला. मिनिटभराचं काम.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, खांदे रुंद, तळहात फावड्यासारखे. हा पाणीसंस्थेचा झडपवाला. उंच टाकीची झडप रोज पहाटे उघडून खालच्या अर्ध्या शहराला पाणी सोडायचं, हे त्याचं सव्वीस वर्षांचं काम. त्याआधी त्याचा बाप तेच करी. टाकीच्या पायथ्याशी संस्थेचं दोन खोल्यांचं घर होतं, तिथेच तो जन्मला होता.

“बाई, दोन मिनिटं बोलू का?”

“साक्षीदाराला पक्षकाराने भेटू नये,” बाई म्हणाल्या.

“भेटत नाही. उभा राहून बोलतो अन् जातो.”

बाईंनी स्टुलाकडे बोट दाखवलं, पण तो उभाच राहिला.

त्याने सांगितलं ते असं. आठ महिन्यांपूर्वी एका पहाटे तो कामावर निघणार, तेवढ्यात त्याची बायको न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्याच्या टेम्पोत सतरंजी टाकून त्याने तिला दवाखान्यात नेलं. झडपेच्या खोलीला कुलूप असतं, त्या कुलपाची किल्ली त्याच्या खिशात तशीच गेली. दुपारी बारा वाजता, ऑपरेशनच्या कागदावर सही करताना पेन शोधायला खिशात हात घातला, तेव्हा किल्ली हाताला लागली. तोवर अर्ध्या शहराचे नळ कोरडे होते. संस्थेने चौकशी नेमली आणि हुकूम काढला: सातव्या कलमाप्रमाणे गुन्हा केल्याबद्दल नोकरीवरून कमी करण्यात येत आहे, राहते घर खाली करावे.

“कुलूप फोडलं नाही कुणी?” बाईंनी विचारलं.

“मोठ्या साहेबांची परवानगी लागते. मोठे साहेब आंघोळीला पाणी नाही म्हणून भावाकडे गेले होते.”

बाईंना हसू आलं, ते त्यांनी चष्मा पुसता पुसता घालवलं.

“मी चुकलो नाही असं म्हणत नाही,” झडपवाला म्हणाला. “किल्ली कुणाला तरी द्यायला हवी होती. पण गुन्हा? मुलीची कुठे नोकरीची चौकशी चालली की विचारतात, वडील काय करतात. ती हुकूम दाखवते. पुढचं कुणी विचारत नाही. घरात बायको म्हणते, माझ्या पडण्याने तुम्ही गुन्हेगार झालात. आता पडल्याचं नावसुद्धा काढत नाही, दुखलं तरी सांगत नाही. मला एवढंच विचारायचं होतं, की मूळ कागदात खरंच तसं आहे का?”

“तकसीर आहे. तकसीर म्हणजे गुन्हा.”

“नक्की ना?”

तेहतीस वर्षांत बाईंना ‘नक्की ना’ असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांना राग आला. राग आला की बाई पुरावा तोंडावर मारत. यादी ज्या वहीवरून केली ती वहीच काढून याला दाखवावी, असं त्यांनी ठरवलं, आणि त्याला परवा यायला सांगितलं.

ती वही बाईंच्या आधीच्या भाषांतरकारांची. त्यांना सगळे मास्तर म्हणत. एकेका शब्दापायी आठवडा घालवणारा माणूस. त्यांच्या टेबलावर कागदांचा ढीग छताला लागला तेव्हा साहेबांनी बाईंना मदतीला नेमलं, आणि चार वर्षांत मास्तर गेलेच. वही शोधायला बाईंनी रेकॉर्डरूम पालथी घातली. हेडक्लार्क भाऊसाहेबांना बोलावलं, त्यांनी दोन शिपाई कामाला लावले. दोन दिवस सगळे शिंकत होते. शेवटी वही सापडली ती बाईंच्याच खोलीत, कपाटाच्या तुटक्या पायाखाली. काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं भाऊसाहेब म्हणाले, आणि कपाटाला टेकू म्हणून जुना कायद्याचा ग्रंथ देऊन गेले.

बाईंनी वही उघडली. मास्तरांचं अक्षर बारीक आणि सरळ. पानावर तीन रकाने. पहिल्यात जुना शब्द, दुसऱ्यात आजचा, आणि तिसऱ्यात, जो अर्धं पान व्यापून होता, त्यात खुलासा. बाईंच्या हाताला एकदम सगळं आठवलं, डोक्याच्याही आधी. कचेरीचा टाइपरायटर लहान होता. त्याच्या रुळावर तीन रकान्यांचा आडवा कागद बसत नव्हता. मोठं यंत्र मागवलं असतं तर वर्ष गेलं असतं, आणि यादी महिनाअखेर हवी होती. म्हणून बाईंनी तिसरा रकाना गाळला होता.

त्यांनी ‘त’ काढला. तकसीर. दुसरा रकाना रिकामा होता.

तिसऱ्यात मास्तरांनी लिहिलं होतं: ‘अरबीतून फारसीत, फारसीतून दप्तरात आलेला शब्द. मुळात आखूड होणे, कमी पडणे. जे हातून व्हावयास हवे होते ते न होणे. कसूर याच घराण्यातला. गुन्हा म्हणू नये. गुन्हा हा फारसी, त्याच्या मुळाशी पाप आहे. तकसिरीत पाप नाही, उणेपण आहे. एक शब्द सुचत नाही. तूर्त रिकामे.’

बाईंनी पानं उलटली. असे रिकामे रकाने एकतीस होते. मास्तरांनी ते मुद्दाम रिकामे ठेवले होते, आणि सत्तावीस वर्षांच्या एका हुशार, चटपटीत मुलीने ते एका दुपारी भरून टाकले होते. त्या वेळचे हेडक्लार्क म्हणाले होते की रिकाम्या रकान्याची यादी वर पाठवता येत नाही, कसूर जुनाट वाटतं, सोपा शब्द टाका. तिने टाकला. मास्तरांना दाखवायचं राहून गेलं. म्हणजे राहून गेलं असं ती तेव्हा स्वतःला म्हणाली. खरं तर दाखवलं असतं तर मास्तरांनी आणखी एकतीस आठवडे घेतले असते.

यंत्राला पान बसत नाही म्हणून अर्थ छाटायचा आणि वरच्यांना रिकामी जागा खपत नाही म्हणून दुसराच भरायचा, ही चूक कुणी ऐऱ्यागैऱ्याने करण्यातली नव्हे. ती करायला कचेरीतलाच माणूस लागतो. तीस वर्षांत त्या एका शब्दाखाली आपण किती कागदांवर सह्या केल्या, याचा बाईंनी अंदाज घ्यायला सुरुवात केली आणि सोडून दिला. पाठवणीच्या फायलीतून त्यांनी आपला अभिप्राय काढून घेतला. सुदैवाने तो अजून तिथेच होता. कचेरीच्या संथपणाचा त्यांना पहिल्यांदाच उपयोग झाला.

झडपवाला परवा आला नाही. आला त्याचा वकील. उंच, घाईतला, काखेतली फाइल सतत घसरणारा. बाईंनी त्याला वही दाखवली. तो खूश होईल अशी त्यांची समजूत होती. वाचता वाचता त्याचा चेहराच उतरला.

“बाई, हे तुम्ही कोर्टात सांगणार नाही ना?”

“का? त्याच्या नावाला गुन्हा लागलाय तो पुसला जाईल.”

“आणि घर जाईल.” वकील स्टुलावर बसला. “माझा सगळा युक्तिवाद तुमच्या गुन्ह्यावर उभा आहे. गुन्हा म्हटलं की तो शाबीत व्हावा लागतो. पोलिसांत तक्रार नाही, खटला नाही, शिक्षा नाही. मग संस्था कोण गुन्हेगार ठरवणारी? हुकूम रद्द. नोकरी परत, घर परत. पण तकसीर म्हणजे नुसतं कमी पडणं असेल, तर ते शाबीत करायला काय लागतं? नळाला पाणी नव्हतं, झालं. अर्धं शहर साक्षीला येईल.”

“कसर म्हणतो ना आपण, तसलं काही सौम्य करून घेता येईल का? नुसत्या कसरीपायी कुणाचं घर काढून घेत नाहीत.” त्याने जाता जाता आशेने विचारलं.

“कसर वेगळ्या घराण्यातली. तिच्या मुळात मोडणं आहे, तुकडा पडणं,” बाई म्हणाल्या. मास्तरांची सवय इतक्या वर्षांनी तोंडात आली.

“तुम्ही फक्त यादी दाखवा, बाई. तीस वर्षं सगळी कोर्टं तीच मानतात. तुमचंही नाव राहील, त्याचंही घर राहील. कुणाचं नुकसान नाही.”

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. बरं, आडात उडी घ्यायला खोटं बोलायचीही गरज नव्हती, फक्त यादी पुढे करायची होती. त्या संध्याकाळी बाईंनी पेज भरवताना चमचा दोनदा रिकामाच नवऱ्याच्या तोंडाशी नेला. त्याने दोन्ही वेळा तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाई नियम मोडून टाकीकडे गेल्या. वहिनींना म्हणाल्या, तासाभरात येते. घर दोन खोल्यांचं, अंगणात माणसाच्या उंचीची लोखंडी झडप-किल्ली भिंतीला टेकून ठेवलेली, आता कामाची नसलेली. झडपवाल्याची बायको आत पलंगावर झोपली होती, तिची काठी दाराआडून दिसत होती. तिला जाग येऊ नये म्हणून दोघं अंगणातच, हलक्या आवाजात बोलली. बाईंनी सगळं सांगितलं. शब्दाचा अर्थ, रिकामा रकाना, टाइपरायटर, आणि शेवटी वकिलाचं म्हणणं. सांगताना त्यांनी स्वतःला कुठेही सूट दिली नाही, पण त्याचं श्रेय त्यांना देण्याचं कारण नाही. थकलेल्या माणसाला सबबी रचायचाही कंटाळा येतो.

झडपवाल्याने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे शब्द बरोबर होता,” तो म्हणाला. “कमी पडलो. ते तर झालंच.”

“हो.”

“आणि तुम्ही खरं सांगितलंत तर घर जाणार.”

“वकील तसं म्हणतात. तुमचं काय म्हणणं आहे ते विचारायला आले.”

त्याने वर टाकीकडे पाहिलं. मग म्हणाला, “ते मला विचारू नका, बाई. मला विचारलंत तर मी घरच म्हणीन. बायकोला जिना चढता येत नाही, आणि आम्हाला परवडेल अशी जागा जिन्याशिवायची मिळायची नाही. मी घरच म्हणीन. म्हणून विचारू नका.”

बाई उठल्या. त्यांनी विचारायला नको होतं, हे त्यांना कळत होतं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच खांद्यावर आपला निर्णय ठेवून मोकळं व्हायला त्या आल्या होत्या, आणि त्याने तो सभ्यपणे परत केला होता.

तारखेला कोर्ट भरलं. पंखा डुगडुगत होता. संस्थेचा वकील गोरागोमटा, तयारीचा. झडपवाला मागच्या बाकावर, इस्त्री केलेल्या शर्टात. बाईंनी शपथ घेतली. गेल्या तेहतीस वर्षांत त्यांनी इतरांच्या शेकडो शपथा आजच्या भाषेत आणल्या होत्या, स्वतः घ्यायची ही पहिलीच वेळ.

“तकसीर म्हणजे काय?” जज्जसाहेबांनी विचारलं.

झडपवाल्याचा वकील काचेखालच्या यादीची नक्कल हातात घेऊन उभा होता. आपण नुसतं ‘यादीप्रमाणे गुन्हा’ म्हटलं तर पाच मिनिटांत घरी जाता येईल, हे बाईंना स्पष्ट दिसत होतं. त्यांना घरी जायचंही नव्हतं आणि इथे उभंही राहायचं नव्हतं.

“कमी पडणे,” त्या म्हणाल्या. “करायला हवं ते हातून न होणे.”

“तुमच्या यादीत गुन्हा आहे.”

“यादी चुकली आहे. ती मी केली. मूळ वहीत तिथे रिकामी जागा होती आणि शेजारी लिहिलं होतं की गुन्हा म्हणू नये. मी खुलासा गाळला आणि जागा भरली. असे आणखी तीस शब्द आहेत. त्यांची नावं लिहून आणली आहेत.”

कोर्टात कुजबुज झाली. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला, कारण ती यादी आता प्रत्येक कचेरीच्या काचेखालून काढायचं काम कुणाच्या डोक्यावर बसणार हे त्यांना दिसलं.

“इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही?” जज्जसाहेबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरीखुरी जिज्ञासा होती.

“कुणी विचारलं नाही,” बाई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, “आणि मीही नाही.”

संस्थेचा वकील उठला. “म्हणजे झडप न उघडणं ही या अर्थाने तकसीर होते?”

बाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं नाही. त्यांना ते जमलं नाही, हे खरं सांगायला हवं.

“होते,” त्या म्हणाल्या.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. हुकुमातला ‘गुन्हा’ हा शब्द काढून टाकावा आणि ‘कामात कमी पडल्याबद्दल’ असं लिहून दुरुस्त प्रत द्यावी. कर्मचाऱ्याच्या वर्तनावर कोणताही ठपका नाही. मात्र सनदेचं कलम स्पष्ट असल्याने नोकरीवरून कमी करणं कायम, घर तीन महिन्यांत सोडावं. बाईंची यादी परिपत्रक काढून मागे घेण्यात आली. नवे कारकून बाईंशी जरा जपून बोलू लागले. ‘यादीत बघ’ म्हणायची सोय गेली, आता कुणी आलं की बाईंना खरोखर विचार करून सांगावं लागे, आणि त्याला वेळ लागे.

निकालाची प्रमाणित प्रत शिपाई नेऊन देतो. ती बाईंनी मागून घेतली आणि स्वतः घेऊन गेल्या. का, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत गाठोडी बांधलेली होती, भांडी पोत्यात भरलेली. झडपवाल्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. बोलणं मोजकंच. त्याने बाईंना माफ केलं होतं की नव्हतं, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आणि ते विचारायचा बाईंना अधिकार नव्हता. मुलीला एका दुकानात काम मिळालं, एवढं त्याने सांगितलं. जागा तिसऱ्या मजल्यावरची मिळाली होती.

पलंगावरून त्याची बायको म्हणाली, “ताई, तो कागद वाचून दाखवता? यांनी वाचला की मधलं मधलं खातात.”

बाईंनी पहिल्यापासून वाचला. कायद्याची लांबलचक वाक्यं, कलमं, तारखा. ती बाई डोळे मिटून ऐकत होती. ‘कामात कमी पडल्याबद्दल’ हे शब्द आले तेव्हा तिने डोळे उघडले.

“गुन्हा काढला?”

“काढला. तो मुळात नव्हताच. माझी चूक होती.”

“मग जुना शब्द होता त्याचा अर्थ एवढाच, कमी पडणं?”

“एवढाच.”

टाकीतून पाणी उतरल्याचा आवाज येत होता. आता ते दुसरा कुणी सोडत होता.

“कशाला कमी पडले?” तिने विचारलं.

बाईंना प्रश्न कळला नाही. “कामाला. पाण्याला.”

“मग बरोबर लिहिलंय,” ती म्हणाली. इतक्या महिन्यांत नवऱ्यासमोर ती पहिल्यांदाच त्या पहाटेबद्दल बोलत होती. “हे पाण्याला कमी पडले. मला नाही पडले.”

झडपवाला दारात उभा होता. त्याने खाली वाकून एका गाठोड्याची आधीच बांधलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

बाईंनी कागदाची घडी करून तिच्या उशाशी ठेवली आणि निघाल्या. रस्त्याला लागेपर्यंत त्यांना त्या बाईचा हेवा वाटत होता, आणि हेव्याची लाज. दोन वर्षांत कोर्टाचा एक कागद त्यांच्याकडून उशिरा गेला नव्हता. घरी पलंगावर एक माणूस होता, त्याला ‘हो’ म्हणता येत होतं, आणि मी तुम्हाला कमी पडले का, हे त्याला विचारायची त्यांची छाती नव्हती.